सातव्या रकान्यातलं नाव

माणसाला भूल द्यायला एक सुई पुरते. भुलीतून परत आणायला मात्र फॉर्म भरावा लागतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

फॉर्म पोपटी रंगाचा होता. इस्पितळाच्या खिडकीतून तो माझ्यापुढे सरकवणारी मुलगी इतकी बारीक, सरळ आणि टोकदार होती, की तिचं नाव मी तिथल्या तिथे 'टाचणी' ठेवून टाकलं. मनातल्या मनात. मी काही उद्धट बाई नाही.

आमच्या ह्यांच्या पित्ताच्या पिशवीत तीन खडे निघाले होते. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवले, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेचाळीस वर्षं मी ह्या माणसासाठी तांदूळ निवडते आहे. ताटात कधी एक खडा लागला नाही. हे तीन आले कुठून? डॉक्टर म्हणाले, ते आतच तयार होतात. म्हणाले असतील. पण बाजूच्या नर्सने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला कळली.

तर फॉर्म. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चौथीत दोन वर्षं बसले, म्हणजे पाचवी धरायला हरकत नाही. छापलेलं मला वाचता येतं. डॉक्टरांनी लिहिलेलं कुणालाच येत नाही. पहिले सहा रकाने मी घडाघडा सांगितले. नाव, वय, पत्ता, आधीची दुखणी, कुठलं औषध सोसत नाही, खोटे दात किती. सातव्यापाशी टाचणी थांबली.

"रुग्ण घरी कोणत्या नावाला ओ देतो?"

"मी ह्यांना 'अहो' म्हणते."

"ते नाव नाही, आजी."

"एकेचाळीस वर्षं चाललंय."

"भुलीतून उठवायच्या खोलीत ओळीने चार खाटा असतात. नर्सने 'अहो' म्हटलं तर चौघे डोळे उघडतील."

"मग बरंच की. एका हाकेत चार कामं."

टाचणी हसली नाही. टाचण्या हसत नाहीत. "कागदावरचं नाव गुंगीत लागत नाही हो पुष्कळांना," ती म्हणाली. "माणूस फार लांब गेलेला असतो. त्याला घरची, लाडाची हाक लागते. ऑपरेशनला नऊ दिवस आहेत. फॉर्म घरी न्या, आधी हाक मारून बघा, ओ दिली की मग लिहा. आठ अक्षरांच्या आत. आणि रिकामा रकाना चालत नाही, मशीन पुढेच जात नाही."

ती बोलून गेली, पण 'फार लांब गेलेला असतो' हे वाक्य माझ्या पिशवीत बसून घरी आलं.

कारण आमचे हे मुळातच लांब गेलेले असतात. भूल न देता. त्या वेळीसुद्धा हे व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होते. आम्ही इथे फॉर्म भरला काय नि पिंजऱ्यात वाघ सोडला काय, ह्यांना पत्ता नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातही तेच. आमच्या बैठकीच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, पलीकडे कौलांवर कबुतरं बसतात, दुपार कलली की सगळं पिवळं होतं, आणि त्या पिवळ्यात हे बसलेले. पहिल्या 'अहो'ला काही नाही. दुसऱ्याला मान जरा हलते, पण ती कबुतरासाठी. तिसऱ्याला "अं". कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान वयाच्या मानाने ठणठणीत आहेत. म्हणजे ऐकू येतं. पोचत नाही.

जागेपणी तीन हाका लागणारा माणूस भुलीतून कुठल्या हाकेला यायचा? आणि नाहीच आला तर? हे मी कुणाला बोलले नाही. बोललं की खरं होतं, अशातली मी आहे.

मला वाटलं, नाव काय, उभ्या उभ्या शोधीन. आमच्या इमारतीत मी नाव दिलं नाही असा माणूस नाही. सेक्रेटरी 'कुलूप', कारण गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत दिसेल त्याला तो कुलूप घालतो. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई 'लालपेन', कारण फलकावरची नोटीससुद्धा त्या लाल पेनाने तपासून खाली सही करतात. ही नावं आज इतकी रुळली आहेत की टपालवाला त्यांवरून दार शोधतो. पण गोड म्हणून एक नाव सुचेल तर शपथ. सकाळभर कपडे धुताना विचार केला. साबणाचे फुगे वर येत होते, प्रत्येकावर खिडकी दिसत होती, छोटी, वाकडी, आणि फुगा फुटला की गेली. तसंच नावांचं. आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, आणि नवऱ्याला एक ठेवता येईना.

शेवटी ह्यांनाच विचारलं. "तुम्हाला काय म्हणू?"

"तुला बरं वाटेल ते," हे कबुतराला म्हणाले.

सूनबाईला कुणीतरी सांगितलं असावं. कुणीतरी म्हणजे मीच. ती म्हणाली, "आई, असं नाव शोधायचं नसतं. ते आतून येतं."

"तुझ्या आतून काय आलं?"

"पिल्लू."

हे पिल्लू म्हणजे माझा मुलगा. वजन ब्याण्णव किलो. जिना चढला की खालच्यांच्या कपाटातली भांडी वाजतात. पण गरजवंताला अक्कल नसते. दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. समोर ह्यांची पाठ, पाठीपलीकडे पिवळं ऊन. घसा साफ केला. इकडे तिकडे बघितलं. आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "पिल्लू."

"आलो गं राणी!" न्हाणीघरातून गर्जना झाली, आणि तोंडाला दाढीचा साबण, कमरेला टॉवेल अशा अवतारात माझा मुलगा धावत बाहेर आला. समोर मी.

आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. हे मात्र जागचे हलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी लालपेन स्वतःहून खाली आल्या. त्यांनी वहीचं पान आणलं होतं, त्यावर अकरा नावं, समोर प्रत्येकाचा अर्थ. 'हृदयेश'पाशी मी म्हटलं, हे घशात अडकतं. 'प्राणेश्वर' आठ अक्षरांत बसत होतं, पण म्हणायला गेलं की आपोआप हात जोडले जात. 'जिवलग' चांगलं होतं, पण ते लालपेनच्या भावाच्या दुकानाचं नाव होतं, आणि तो भाऊ मला आवडत नाही.

"मग 'सख्या' घ्या," त्या म्हणाल्या. "सुटसुटीत आहे. फक्त 'ख्या'वर नको तो जोर देऊ नका. तुम्ही भाजीवाल्याला ओरडता तसा येतो तो."

सराव हवाच होता. घरात माणसांची वर्दळ, म्हणून मी न्हाणीघरात गेले, कडी लावली, नळ सोडला आणि आरशात बघून म्हणाले, "सख्या." कठोर वाटलं. पुन्हा म्हणाले. पाच-सहा वेळा म्हटल्यावर आवाजात ओलावा येऊ लागला. डोळे मिटले. उन्हाची वेळ, पाण्याचा आवाज, मला उगाच कुठल्यातरी नदीकाठी असल्यासारखं वाटायला लागलं. तिथून मी अगदी जिवाच्या तळापासून म्हटलं, "सख्या, ये ना रे."

भिंतीतून आवाज आला, "इथूनच येऊ का दारातून येऊ?"

आमच्या न्हाणीघराची झडप नळांच्या बोळात उघडते. त्या बोळात, बरोबर आमच्या झडपेसमोर, नळवाला एका पायावर उभा होता. पन्नाशीचा, मिशीवाला, दोन नातवंडांचा आजोबा. हातातला पाना घसरून खाली कुठेतरी खणखणत गेला.

"काकू, मी नळवाला."

"मला दिसतंय तू नळवाला."

"मग ते आत्ता..."

"नळाला म्हटलं," मी म्हणाले. "पाणी बारीक येतं. गोडीत बोललं की सुधारतं."

तो मान हलवत खाली उतरला. माझी अब्रू त्याच्याबरोबर उतरली. संध्याकाळी जिन्यात कुलूप मला बघून भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस आली: 'नळांच्या बोळात कुणीही कुणाला प्रेमळ हाका मारू नयेत. आवाज घुमतो.' लालपेनने 'प्रेमळ'ला गोल करून बाजूला लिहिलं होतं, 'हा शब्द वगळला तरी चालेल.' मला तर वाटलं, सगळी नोटीसच वगळली तरी चालली असती.

त्या दुपारी मी डोकं दुखतं म्हणून आडवी झाले. स्वप्नात गच्ची होती, कुलूप नव्हतं, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर नावं वाळत घातली होती. ओली, पांढरी, वाऱ्यावर फुगणारी. मी एकेक हाताने चाचपत चालले होते, वाळलंय का बघायला. 'सख्या' दमट होतं. 'राजा' आटलं होतं. 'सरकार' इतकं लांबलचक की जमिनीला टेकत होतं. आणि दोरीच्या टोकाला हे उभे, तोंडात चिमटे धरून, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तोंडात आवाजच नव्हता. जागी झाले तेव्हा उशी ओली होती. घाम असेल. पंखा बिघडलाय आमचा.

मग पाचव्या दिवशी मी तडक ह्यांच्या मागे उभी राहून सगळी यादीच म्हटली. राजा. सख्या. सरकार. सोन्या. तीन वेळा, एकापाठोपाठ एक, रेल्वेची घोषणा करतात तशी. ह्यांनी हळूच मान वळवली. मला वाटलं, ओ आली! पण हे माझ्याकडे बघितल्यासारखं करून माझ्या मागे बघत होते, तिथे कोण कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं. ह्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि हे उठून आत गेले. आतून मुलाशी कुजबूज ऐकू आली.

"तुझ्या आईचं काहीतरी बिघडलंय. भिंतीशी बोलते. चार-चार माणसांची नावं घेते."

अशा रीतीने ऑपरेशन ज्याचं, तो ठणठणीत राहिला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे मला नेऊन बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता. मी सांगितला. महिना कोणता. सांगितला. "ह्या खोलीत किती माणसं आहेत?" मी म्हटलं, "दोन. आणि एक खिडकीबाहेर बघतंय." डॉक्टरांनी वळून बघितलं, तर हे खरंच खिडकीबाहेर बघत होते. मग डॉक्टरांनी पेन उघडलं. मला टॉनिक लिहून दिलं, दोन चमचे, जेवणानंतर.

परतताना मी रस्त्यातच उभी राहिले. "तुम्ही मला ओ का देत नाही?"

"देतो की."

"कधी देता?"

ह्यांनी विचार केला. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत विचार केला. मग म्हणाले, "मनात देतो."

आता ह्यावर भांडायचं तरी कसं? मनातली ओ नर्सला कशी ऐकू जायची? पण उरलेल्या रस्त्यावर मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही ह्याची ह्यांना इतकी काळजी वाटली, की घरी पोचताच ह्यांनी स्वतः टॉनिकची बाटली उघडली.

सातव्या दिवशी तेलवाला आला. हा ह्यांचा कारखान्यातला जुना सोबती. कारखाना पत्र्याचे डबे करण्याचा. हे चौतीस वर्षं झाकणं ठोकायच्या यंत्रावर, आणि तेलवाला सगळ्या यंत्रांना तेल घालत फिरायचा. बिस्किटांचा पुडा घेऊन तो भेटायला आला आणि दोघं खिडकीपाशी बसले. मी चहा टाकला. बाहेर आवाज नाही. मला वाटलं, जुने मित्र, ह्यांनी त्यालाही कंटाळा आणला. डोकावून बघते, तर दोघं हातांनी बोलत होते. बोटं भराभर चालत होती, भुवया वर जात होत्या, अगदी आवाज न करता दोघं हसून लोटपोट होत होते. एकेचाळीस वर्षांत मी ह्या माणसाला इतकं बोलताना बघितलं नव्हतं.

मी कप घेऊन बाहेर आले. ह्यांनी मला बघितलं, आणि तेलवाल्याला खूण केली. कपाळावर आडवा तळवा धरला, उन्हात लांबचं बघताना धरतात तसा. तेलवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वहिनी, शेडमध्ये तोफखान्यासारखा आवाज," तेलवाला म्हणाला. "गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. म्हणून आम्ही सगळे हातानेच बोलायचो. नावंही हाताचीच. मी म्हणजे असा अंगठा दाबायचा, तेलाचा डबा दाबतात तसा. साहेब म्हणजे गळ्याशी टायची गाठ."

"आणि माणूस पाठमोरा असला तर?"

"मग लोखंडी खांबावर पाना ठोकायचा. खांबातून जमिनीत, जमिनीतून बुटात, बुटातून डोक्यात. ज्याचा त्याचा ठोका वेगळा. ह्यांचा ऐका." त्याने चमच्याने टेबलावर ठोकलं. एक, मग जरा थांबून जोडीने दोन. ठक्. ठक्ठक्. हे लाजल्यासारखे हसले.

पण माझं लक्ष ठोक्यात नव्हतं. "आणि आत्ता माझ्याकडे बघून कपाळावर हात धरला, ते कोणाचं नाव?"

तेलवाल्याला चहाचा ठसका लागला. "ते... तुम्ही."

"मी? म्हणजे काय?"

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कबुतरांकडे बघितलं. "ते त्यांनाच विचारा, वहिनी," असं म्हणून तो इतक्या घाईने उठला की टोपी विसरून गेला.

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "असंच."

असंच! मी आरशापुढे जाऊन कपाळावर तसा हात धरून बघितला. दुसरं काय दिसणार? पहारेकरी. टेहळणीला उभा राहिलेला शिपाई. म्हणजे मी सगळ्या जगाला नावं देत बसले, आणि ह्या घरात खाली मान घालून जेवणाऱ्या माणसाने दोनशे माणसांच्या शेडमध्ये माझं नाव पहारेकरी ठेवलं होतं! आणि मी ह्याच्यासाठी न्हाणीघरात नदीकाठी जाऊन आले!

रागाच्या भरात मी फॉर्म काढला आणि सातव्या रकान्यात लिहिलं, 'घुम्या'. इतकं दाबून, की जेवणाच्या टेबलावरही उमटलं. अजून आहे. उन्हं तिरपी आली की दिसतं.

फॉर्म तसाच इस्पितळात नेऊन दिला. टाचणीने वाचलं. "ओ देतात ना?"

"वाढलं म्हणून सांगितलं की देतात."

तिने खटाखट बटणं दाबली. मशीन पुढे गेलं.

राग माझा दुधासारखा आहे. उतू जातो, आणि मग ओटा मलाच पुसावा लागतो. आठव्या दिवशी ह्यांची इस्पितळाची पिशवी भरायला बसले. दोन बनियन, टॉवेल, चष्म्याचं घर. बनियनची घडी घालताना ती फार हलकी लागली. ह्या कपड्यांत माणूस नसला तर ते इतकेच असतात, असं काहीतरी मनात आलं, आणि मी ती घडी चार वेळा घातली. हा माणूस फार लांब गेलेला असेल आणि कुणीतरी त्याला 'घुम्या' म्हणून बोलावणार. कशाला येईल तो? मी तरी आले असते का?

सकाळी सातला मी खिडकीशी हजर. "टाचणी," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "बाई, ते नाव बदला."

"मशीनमध्ये गेलेलं बदलायला पिवळा अर्ज लागतो. पिवळे अर्ज दुपारी तीननंतर."

ऑपरेशन नऊ वाजता होतं.

ह्यांना ढकलगाडीवरून नेताना मी बरोबर चालले. हे छतावरचे दिवे मोजत असावेत. दारापाशी म्हणाले, "अगं."

"काय?"

"कबुतरांचं पाणी."

"ठेवलंय."

दार बंद झालं. चौतीस वर्षं रोज सकाळी हे घरातून जात होते, पण दार नेहमी मी बंद करायची. दुसऱ्या कुणी केलं, तर त्याचा आवाज वेगळा येतो.

बाहेरच्या बाकावर तेलवाला येऊन बसला. टोपीसाठी आलो म्हणाला. टोपी माझ्या घरी होती हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "आता सांगा. मी पहारेकरी ना?"

"कोण पहारेकरी?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा टॉनिक सुरू होतंय की काय वाटलं. "वहिनी, शेडच्या मागच्या खिडकीतून तुमची गॅलरी दिसायची. पाळी सुटायच्या जरा आधी तुम्ही रोज बाहेर येऊन उभ्या राहायच्या. ऊन तोंडावर, म्हणून कपाळावर हात धरून रस्ता बघायच्या. आमच्या घड्याळाची काच तेलाने कधीच काळी पडलेली. ह्यांनी असा हात केला, की सगळ्या शेडला कळायचं, आली, आता सुटायचं. पुढे पुढे आमच्यात त्या खुणेचा अर्थच तो झाला. घरी जायचं. तुम्ही म्हणजे घरी जायचं. दोनशे माणसं ती खूण करायची, वहिनी. मला तर अजून करावीशी वाटते."

मी नाक पुसलं. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी ह्यांना बघायला उभी राहत होते. नंतरची तेहतीस वर्षं, ह्यांनी भाजीची पिशवी आणली आहे की विसरले, ते बघायला. पण लांबून दोन्ही सारखंच दिसत असणार.

अकरा वाजता डॉक्टर सांगून गेले, खडे निघाले, सगळं छान. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. दारापलीकडून नर्सचा आवाज येऊ लागला.

"घुम्या! डोळे उघडा, घुम्या! अहो घुम्या, ऐकू येतंय का?"

व्हरांड्यातल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मी छताकडे बघितलं. मग दुसऱ्या, जाड्या आवाजाने हाक मारली. मग दोन्ही आवाज मिळून. मग दार उघडलं आणि नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही या जरा. काळजीचं नाही, पण हे बाकीच्यांपेक्षा जास्तच वेळ घेताहेत."

आत चार खाटा होत्या. तिघे कधीच परत आलेले. एक चहा मागत होता, एक उगाच रडत होता, एक नर्सला आपली मोठी बहीण समजून तिच्याशी जुनं भांडण उकरत होता. चौथ्या खाटेवर हे. शांत. खिडकीकडे बघताना असतो तसा चेहरा, पण डोळे मिटलेले. खरंच फार लांब गेले होते. तिथे ऊन असावं, कौलं असावीत.

"अहो," मी म्हणाले. मग मी लाज सोडली. "राजा. सख्या. सरकार. सोन्या." नर्स एकमेकींकडे बघत होत्या. बघू दे. "पिल्लू," मी म्हणाले. रडणारा रडायचा थांबला. शेवटी मी वाकून ह्यांच्या कानात ह्यांचं खरं नाव घेतलं, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.

काही नाही. पापणीसुद्धा नाही.

 माझ्या हाताला कमरेचा किल्ल्यांचा जुडगा लागला. त्यातली कपाटाची मोठी किल्ली मी मुठीत धरली आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोकली.

ठक्. ठक्ठक्.

"आजी, हे काय करताय?"

ठक्. ठक्ठक्. दांड्यातून खाटेत, खाटेतून गादीत. ह्यांच्या पायाचं बोट हललं. मग करंगळी. मग उजवा हात, सलाईनची नळी सांभाळत, पाण्यातून वर यावा तसा सावकाश वर आला, कपाळाशी पोचला आणि तिथे आडवा राहिला. डोळे अर्धे उघडले. हे शोधत होते.

"दिव्याचा त्रास होतोय त्यांना," नर्स म्हणाली आणि दिवा बंद करायला धावली.

"राहू दे," मी म्हणाले. "घरी जायचं म्हणताहेत."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ह्यांना सोडलं. मी ह्यांना व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसवलं आणि खिडकीशी गेले. पिवळा अर्ज माझ्या हातात तयार होता. तपासणीच्या कार्डावर 'घुम्या' छापून आलेलं मी चालू देणार नव्हते.

"खोडते," टाचणी म्हणाली. "पण त्याजागी दुसरं नाव सांगा. रिकामा रकाना चालत नाही. आणि ओ देतात ना, बघून सांगा. मागच्या वेळी आमच्या नर्सना त्रास झाला."

मी व्हरांड्याकडे बघितलं. पार टोकाला ह्यांची पाठ. मध्ये खोकणारी, भांडणारी, नंबरासाठी ताटकळलेली पन्नास माणसं. हे खिडकीबाहेर बघत होते. तिथेही कबुतरं होतीच.

मी किल्ली काढली आणि टाचणीच्या खिडकीच्या गजावर ठोकलं. ठक्. ठक्ठक्.

पहिल्या हाकेला. इतक्या लांबून. हे वळले, आणि ह्यांनी कपाळावर हात धरला. मी पिशवी खाली ठेवली आणि मीही धरला.

"लिहून घे," मी टाचणीला म्हटलं. "आठ अक्षरांत बसतंय का बघ."